गुलामांचा गुलाम : कार्ताहेना बंदराचे संत पीटर क्लावेर

ज्युबिली हा शब्द या दिवसांत आपल्या सर्वांच्या मुखी आहे. परंतु त्याचा मूळ अर्थ फार थोड्यांच्या ध्यानी असतो. दर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून ज्युबिली जाहीर करावी, हातच्या गेलेल्या जमिनी मूळ धन्यांस परत द्याव्यात, आणि दारिद्र्यामुळे ज्याने स्वतःस विकले असेल अशा बांधवास त्याच्या मुलाबाळांसह मोकळे करावे, अशी परमेश्वराची आज्ञा लेवीयच्या ग्रंथात सांगितलेली आहे. पताका, वाद्ये, रोषणाई व मेजवानी ही सर्व शोभा मागाहून आली. आधी होती ती बंधमुक्ती. म्हणून आपल्या धर्मग्रामाच्या या आनंदप्रसंगी, ज्याने आपले सारे आयुष्य बेड्या घातलेल्या माणसांच्या पायाशी घालविले, आणि ज्यास अखेरचे दुखणे ज्युबिलीचाच उपदेश करीत असता जडले, अशा एका संताचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे उचित होईल.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या कोलंबिया देशात, कार्ताहेना नावाचे एक प्राचीन बंदर आहे. १५३३ साली पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदाराने ते वसविले. स्पेन देशातही याच नावाचे एक बंदर असल्यामुळे यास कार्ताहेना दे इंदियास असे म्हणू लागले. बंदराची खाडी विस्तीर्ण व आतून शांत असल्यामुळे स्पेनच्या राजाची खजिन्याची गलबते येथे विसावा घेत. पेरू देशाची चांदी व आसपासच्या खाणींचे सोने याच मार्गाने युरोपास जाई. जेथे मध तेथे माशा, या न्यायाने चाचेही आले. १५८६ साली फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्द्याने शहर काबीज करून जबर खंडणी वसूल केली. त्यानंतर शहराभोवती तट व बुरूज उठू लागले. ते तट आजही उभे आहेत, आणि १९८४ पासून युनेस्कोने त्यांची गणना जगाच्या वारशात केली आहे.

परंतु या बंदराच्या वैभवाची खरी किंमत निराळ्याच लोकांनी भरली. खाणीत, मळ्यांत व घरांत राबण्यासाठी आफ्रिकेतून माणसे पकडून आणून येथे विकली जात. स्पॅनिश अमेरिकेत गुलाम उतरविण्याची परवानगी मोजक्या बंदरांस होती. त्यांत कार्ताहेना हे प्रमुख होते. गिनीचा किनारा, काँगो व अंगोला येथून निघालेली जहाजे आठवडेच्या आठवडे समुद्रावर काढीत. जहाजाच्या तळाशी, अंधारात, दुर्गंधीत, साखळीने एकमेकांस जखडलेले स्त्रीपुरुष दाटीवाटीने पडलेले असत. कित्येक वाटेतच मरत व समुद्रात लोटले जात. जे जगून वाचत त्यांची बंदरावर मोजदाद होई, अंगावर तापल्या लोखंडाचा डाग पडे, आणि बाजार भरेपर्यंत त्यांस कोंदट वखारींत कोंडून ठेवीत. गोरे लोक आपणांस खाण्यासाठीच नेत आहेत, अशी त्यांतील पुष्कळांची समजूत असे. आणि जे त्यांनी पाहिले होते त्यावरून ती चुकीची ठरविण्यास त्यांस काही कारणही नव्हते.

अशा या शहरात १६१० साली एक तरुण येशूसंघीय उतरला. त्याचे नाव पेद्रो क्लावेर. आपण त्यांस संत पीटर क्लावेर म्हणून ओळखतो.

पीटर यांचा जन्म स्पेनमधील कातालोनिया प्रांतात वेर्दू या गावी १५८० साली झाला. घराणे शेतकऱ्यांचे, श्रद्धाळू. ते लहान असतानाच मातेचे छत्र हरपले. बार्सिलोना येथे शिक्षण घेऊन १६०२ साली त्यांनी तारागोना येथे येशूसंघात प्रवेश केला. स्वभावाने ते भिडस्त, मनाने सदा साशंक. आपण धर्मगुरू व्हावे की केवळ सेवक बंधू म्हणून राहावे, याविषयी त्यांचा निश्चय कित्येक वर्षे होईना. अशा मनःस्थितीत अभ्यासासाठी त्यांस मायोर्का बेटावरील विद्यालयात पाठविण्यात आले, आणि तेथे त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

ती ठरविणारा कोणी नामांकित पंडित नव्हता. त्या विद्यालयाच्या दारावर आलोन्सो रोद्रिगेझ नावाचे एक वृद्ध बंधू द्वारपालाचे काम करीत. पूर्वाश्रमी ते सेगोव्हिया येथील कापडाचे व्यापारी. व्यापार बुडाला, पत्नी गेली, मुले गेली. तेव्हा उतारवयाकडे झुकत असता त्यांनी येशूसंघाची वाट धरली. दार ठोठावणारा प्रत्येक माणूस म्हणजे प्रत्यक्ष प्रभूच, असे मानून ते दार उघडीत. तरुण पीटर रोज या वृद्धापाशी बसू लागले. समुद्रापलीकडे असंख्य आत्मे कोणाच्याही आस्थेवाचून नाश पावत आहेत, तिकडे जा, अशी प्रेरणा त्यांस मिळाली ती या द्वारपालाकडून. ती त्यांनी जन्मभर उराशी बाळगली.

१६१० साली सेव्हिल येथून निघून पीटर कार्ताहेनास आले. पुढे बोगोता येथे त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले, व १६१५ साली ते कार्ताहेनास परतले. १९ मार्च १६१६ रोजी, संत जोसेफच्या सणाच्या दिवशी, त्यांस तेथे गुरुदीक्षा मिळाली. आपल्या मराठी ख्रिस्ती वाचकांस हे साल अन्य कारणाने परिचित आहे. त्याच १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे येशूसंघाचेच फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण छापून प्रसिद्ध झाले. एकाच संघाचे दोन धर्मगुरू, एक पूर्वेस व एक पश्चिमेस, एकाच प्रश्नाशी झुंजत होते. ज्याची भाषा आपली नाही त्याच्या अंतःकरणाशी बोलावे कसे, हा तो प्रश्न होय.

कार्ताहेनात या कामाचा पाया आलोन्सो दे सांदोवाल या येशूसंघीय धर्मगुरूंनी घातला होता. १६०५ पासून ते बंदरावर येणाऱ्या आफ्रिकनांची सेवा करीत होते. कोणती जमात कोणत्या किनाऱ्याची, तिची भाषा कोणती, चालीरीती कोणत्या, याची त्यांनी परिश्रमपूर्वक टिपणे केली, आणि १६२७ साली सेव्हिल येथे त्याविषयी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पीटर त्यांचे शिष्य झाले. मात्र गुरूचा पिंड अभ्यासकाचा, तर शिष्याचा निव्वळ सेवकाचा. वरिष्ठांच्या खाजगी अहवालांत पीटर यांची बुद्धी व व्यवहारज्ञान बेताचेच असल्याचा शेरा पडलेला आहे. शहाण्यासुरत्या माणसांनी ज्यास सामान्य ठरविले, त्याच्याच नावाने आज ते शहर ओळखले जाते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

१६२२ साली अखेरची व्रते घेताना पीटर यांनी आपल्या सहीपुढे, आपण आफ्रिकनांचे सदैव गुलाम आहोत, अशा अर्थाचे शब्द लॅटिनमध्ये लिहिले. कित्येकांच्या सह्या शोभेच्या असतात. ही सही मात्र करारनाम्याची होती, आणि पुढील बत्तीस वर्षे तो करार त्यांनी अक्षरशः पाळला.

त्यांचे काम कसे चाले याचे वर्णन त्यांच्याच एका पत्रातून आपणांस मिळते. ३० मे १६२७ रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणाच्या दिवशी, गुलामांनी भरलेले एक प्रचंड जहाज बंदरास लागले. पीटर व त्यांचे सहकारी संत्री, लिंबे व बिस्किटे यांनी भरलेल्या दोन टोपल्या घेऊन वखारीकडे गेले. गर्दीतून वाट काढीत ते आजाऱ्यांपर्यंत पोचले. जमीन दलदलीची, म्हणून तीवर कौले व विटांचे टोकदार तुकडे पसरलेले. तेच त्या आजाऱ्यांचे अंथरूण, आणि अंगावर सुताचा धागाही नाही. दोघांनी आपले झगे उतरून बाजूस ठेवले, दुसऱ्या कोठीतून फळ्या आणून जमिनीवर घातल्या, आणि अत्यवस्थ माणसांस हातांवर उचलून तेथे निजविले. दोघे जण तर अगदी मरणाच्या दारी होते. अंग गार पडले होते, नाडी लागत नव्हती. एका कौलावर निखारे आणून त्यांच्याजवळ ठेवले, दोन पिशव्या भरून नेलेली सुगंधी द्रव्ये सारी त्या निखाऱ्यांवर घालून धूप दिला, आणि आपले झगे त्यांच्यावर पांघरले. काही वेळाने अंगात ऊब आली; त्यांनी डोळे उघडले, आणि ते प्रसन्न मुद्रेने पाहू लागले. मग मद्याने त्यांची तोंडे व अंगे धुऊन काढली. धर्माचा एक शब्दही अद्याप उच्चारला गेला नव्हता. आपणांस खाण्यासाठी आणले आहे असे ज्यास वाटते, त्यापुढे जिभेने बोलून काय उपयोग? म्हणून आधी हातांनी बोलावयाचे, असा पीटर यांचा परिपाठ होता. उपदेश त्यानंतर सुरू होई.

उपदेशासाठी ते चित्रे वापरीत, खुणा करीत, आणि दुभाष्यांकरवी एकेक गोष्ट पुनःपुन्हा समजावून देत. सर्प जशी कात टाकतो तसे जुने जीवन टाकावयाचे, हे ते स्वतःच्या कातडीस चिमटा घेऊन अभिनयाने दाखवीत. दहादहांचे गट करून एका गटातील सर्वांस एकच नाव देत, म्हणजे नवे नाव विसरल्यास सोबती आठवण देई. बाप्तिस्म्यानंतर प्रत्येकाच्या गळ्यात येशू व मरिया यांची नावे असलेले पदक बांधीत. सुमारे चाळीस वर्षांत तीन लक्षांवर माणसांस त्यांनी बाप्तिस्मा दिला, असे परंपरा सांगते. इतिहासकारांस हा आकडा मोठा वाटतो. परंतु आकडा काहीही असो, त्यातील प्रत्येकाच्या कपाळावरून ओघळलेले ते पाणी त्या देशात त्यास मिळालेला पहिला ममतेचा स्पर्श होता, हे खरे.

विकले गेलेले गुलाम दूर मळ्यांत व खाणींत पांगत. पीटर त्यांच्यामागे जात, आणि मालकाच्या हवेलीत न उतरता गुलामांच्या झोपड्यांत राहत. शहरातील संत सेबास्तियनच्या इस्पितळात व संत लाझारसच्या महारोग्यांच्या वस्तीत त्यांची नित्य फेरी असे. त्यांचा झगा रोग्याचे अंथरूण होई, पांघरूण होई, उशी होई. दिवसातून कित्येकदा तो धुवावा लागे. फाशी जाणाऱ्या कैद्यांजवळ ते अखेरपर्यंत उभे राहत. मंदिरात पापनिवेदनासाठी त्यांच्यापाशी आधी गुलामांचा क्रम लागे. उंची वस्त्रे ल्यालेल्या स्त्रिया आल्या तर त्यांनी थांबावे, अथवा दुसऱ्या धर्मगुरूंकडे जावे, असा त्यांचा शिरस्ता होता. यामुळे प्रतिष्ठित मंडळी रुष्ट झाली. गुलामांच्या अंगाच्या वासाने मंदिर बाटते अशीही कुरकुर झाली. पीटर यांनी क्रम बदलला नाही.

येथवर सांगितलेले सर्व आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु सत्याचा आदर करणाऱ्याने याच्या पलीकडेही पाहिले पाहिजे. पीटर यांचे दुभाषी, ज्यांच्यावाचून त्यांचा एक शब्दही कोणाच्या कानी पोचला नसता, ते स्वतः गुलाम होते. अंगोलाचे आंद्रेस साकाबुचे व त्यांचे सोबती हे येशूसंघाच्या विद्यालयाच्या मालकीचे होते. गुलामांस अशा रीतीने पकडणे न्याय्य आहे काय, अशी शंका १६१० च्या सुमारास सांदोवाल यांस आली, व त्यांनी लुआंडा येथील विद्यालयाच्या प्रमुखांस पत्राने विचारले. तेव्हा याविषयी विद्वानांस काही संकोच वाटत नाही, असे उत्तर आले, आणि जहाजे येत राहिली. पीटर यांनी त्या जहाजांतील माणसांच्या जखमा धुतल्या. जहाजे थांबवा असे मात्र त्यांनी जाहीरपणे म्हटल्याचे आढळत नाही. आफ्रिकनांची नृत्येही त्यांस रुचत नसत, व ते त्यांचे ढोल काढून घेत. संतही आपल्या काळाच्या कुंपणात उभा असतो, हे यावरून दिसते.

ते कुंपण ओलांडणे अशक्य होते काय? पीटर यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षे लोटण्याच्या आतच, १६८१ साली, हवाना येथे फ्रान्सिस्को होसे दे हाका व एपिफानियो दे मुआरां या दोन कापुचिन धर्मगुरूंनी, गुलामांस मुक्त न करणाऱ्या मालकांस पापक्षमा देण्याचे नाकारले. त्यांस अटक होऊन स्पेनला पाठविण्यात आले. म्हणजे काहींना ते दिसले होते. आपण दुसऱ्यांचे दोष मोजण्यासाठी हे आठवावयाचे नाही. गोवा, वसई, चौल येथील पोर्तुगीज ठाण्यांतही आफ्रिकेहून आणलेले गुलाम होते, आणि तेही आपल्या पूर्वजांबरोबर एकाच छपराखाली मिस्सा ऐकत होते. ज्या अन्यायाची सवय झाली तो अन्याय डोळ्यांस दिसेनासा होतो; आजही असे काय आहे जे आपणांस दिसत नाही, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा, एवढ्यासाठीच हे लिहिले.

आता अखेरचा भाग. १६५० हे पवित्र ज्युबिलीचे वर्ष होते. सत्तर वर्षांचे पीटर किनाऱ्यावरील गुलामांस ज्युबिलीचा उपदेश करण्यास निघाले. पण शरीर थकले होते, व त्यांस परत बोलाविण्यात आले. इकडे शहरात भयंकर साथ उसळली होती. येशूसंघाच्या मठात ज्यांस ती प्रथम लागली त्यांत पीटर होते. अंत्यसंस्कार झाले, परंतु ते वाचले. वाचले म्हणजे काय, तर हातापायांस कंप सुटून मिस्सा अर्पण करणेही त्यांस अशक्य झाले. पुढील चार वर्षे ते आपल्या खोलीत पडून होते. साथीने मठातील माणसे कमी झाली होती, उरलेली कामात बुडाली होती, आणि बंदरावर ज्याने सहस्रांची सेवा केली त्याची वास्तपुस्त घेण्यास कोणास वेळ राहिला नाही. दोन्या इसाबेल दे उर्बिना ही उपकारी बाई व तिची बहीण, तसेच जुने सहकारी बंधू निकोलास गोंझालेझ, एवढीच माणसे त्यांस विसरली नाहीत.

त्यांच्या शुश्रूषेस एक तरुण आफ्रिकन गुलाम नेमला होता. तो त्यांस दांडगाईने हाताळी, आणि कधीकधी दिवसचे दिवस त्यांच्याकडे फिरकतही नसे. पीटर यांनी तक्रार केली नाही. चरित्रकार या तरुणास सहसा कठोर शब्दांनी दोष देतात. पण क्षणभर त्याच्याही बाजूने पाहावे. त्याने ही चाकरी मागितली नव्हती. तो कोणाच्या तरी मालकीचा होता, आणि त्या खोलीचे दार आपखुशीने उघडण्याचे अथवा न उघडण्याचे स्वातंत्र्य त्यास कोणी दिले नव्हते. कदाचित पीटर यांस हे इतरांहून अधिक समजले असेल. जो स्वतःस गुलामांचा गुलाम म्हणवितो, त्यास धन्याचा राग मुकाट्याने सोसावाच लागतो.

एकदा तीस वर्षांत न आलेल्या एका जमातीची माणसे जहाजातून आल्याचे त्यांच्या कानी पडले. तेव्हा त्या लुळ्या देहात कोठून बळ आले कोण जाणे! त्यांनी स्वतःस तेथे नेवविले, दुभाषी शोधविला, मुलांस बाप्तिस्मा दिला व मोठ्यांस चार शब्द सांगितले. १६५४ च्या उन्हाळ्यात फादर दिएगो रामिरेझ फारिन्या हे याच कामावर नियुक्त होऊन स्पेनहून आले. त्यांच्या स्वागतास पीटर अंथरुणातून फरफटत उठले. आता जाण्यास हरकत नव्हती. ६ सप्टेंबर रोजी ख्रिस्तप्रसाद घेतल्यावर त्यांनी निकोलास यांस आपला अंत जवळ आल्याचे सांगितले. त्याच संध्याकाळी शुद्ध हरपली. ही वार्ता पसरताच सारे शहर एकाएकी जागे झाले. मुले आली, गुलाम आले, सरदार आले. हात चुंबण्यासाठी झुंबड उडाली, आणि पवित्र अवशेष म्हणून खोलीतील चीजवस्तू लोकांनी उचलून नेल्या. ८ सप्टेंबर १६५४ रोजी, पवित्र मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, पहाटेपूर्वी संत पीटर क्लावेर यांनी देह ठेवला. जिवंतपणी ज्यांनी त्यांस अविचारी म्हटले, त्याच अधिकाऱ्यांनी सरकारी खर्चाने थाटात अंत्यविधी केला. आफ्रिकन व मूळ रहिवासी यांनी आपली निराळी मिस्सा अर्पण करविली.

पुढे त्यांच्या पुण्यचरित्राची चौकशी झाली. तीत आंद्रेस साकाबुचे व इतर दुभाष्यांनी शपथेवर साक्षी दिल्या. पीटर यांच्याविषयी आज आपणांस जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग या गुलामांच्या साक्षींतून आलेला आहे. ज्यांचा शब्द बाजारात कवडीमोल होता, त्यांच्याच शब्दावर ख्रिस्तसभेने एकास संत मानले. पोप तेरावे लिओ यांनी १५ जानेवारी १८८८ रोजी पीटर क्लावेर व त्यांचे गुरू द्वारपाल आलोन्सो रोद्रिगेझ या दोघांस एकाच समारंभात संतपदावर चढविले. त्याच वर्षी ५ मे रोजी पोपमहाशयांनी ब्राझीलच्या बिशपांस पत्र लिहून गुलामगिरीचा निषेध केला, आणि १३ मे रोजी ब्राझीलमध्ये ती प्रथा कायद्याने बंद झाली. कोलंबियात ती १८५१ च्या कायद्यानेच संपली होती. आज कार्ताहेनातील त्यांच्या नावाच्या मंदिरात मुख्य वेदीखाली त्यांच्या अस्थी आहेत. ९ सप्टेंबर हा त्यांचा सण असून कोलंबियात तोच दिवस मानवी हक्कांचा दिन म्हणून पाळला जातो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८६ साली व पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली तेथे जाऊन प्रार्थना केली.

बंधुभगिनींनो, आपल्या मंदिराच्या दारातही कोणी ना कोणी उभा असतो. वीटभट्टीवर राबणारा, घरकामास परगावाहून आणलेली पोर, बंदरावरचा खलाशी, ज्याची बोली आपणांस कळत नाही असा कोणी मजूर. त्यास शेवटच्या बाकावर जागा मिळते की तीही नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. ज्युबिलीचे शिंग प्रथम त्याच्यासाठी फुंकले गेले होते. आधी हातांनी बोलावे व मग जिभेने, हा जो पाठ संत पीटर क्लावेर यांनी त्या दलदलीच्या वखारीत घालून दिला, तो गिरविण्याची बुद्धी व बळ परमेश्वर आपणांस देवो, आणि जे त्यांस दिसले नाही ते पाहण्याची दृष्टीही देवो. संत पीटर क्लावेर, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.